आधी आपलं तोंड उघडायचं

नसीम, तुझी बॅटरी गेल्या शनिवारी इक्बालभाईंनी आणून दिली. दुकानातनं थेट आले होते, हाताला ग्रीस तसंच. ट्रॅक्टरचे पार्ट विकणारा तुझा नवरा, पण बॅटरी मात्र स्वच्छ रुमालात गुंडाळून आणली आणि माझ्या टेबलावर अलगद ठेवली. म्हणाले, "डॉक्टर, ही तिची गुरुवारची हाय. घरात ठिवून काय करू?" ते गेल्यावर मी बटण दाबलं तर उजेडच पडेना. सेल कधीचे संपलेले. म्हणून शेवटच्या गुरुवारी तू माझा टेबलावरचा दिवा न विचारता ओढून घेतला होतास तर. दुसऱ्याची किडकी दाढ तुला रस्त्यापलीकडून दिसायची आणि स्वतःच्या पर्समधल्या बॅटरीचे सेल बदलायचे मात्र राहून जायचे.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. मी किती रडले ते सांगत बसत नाही. रडणारी माणसं तुला चालायची नाहीत, त्यांचं तोंड नीट उघडत नाही अशी तुझी तक्रार असायची. त्यापेक्षा तिसऱ्या दिवशीची, जियारतीची गोष्ट सांगते. तुझ्या घरी बायकांच्या खोलीत मी कोपऱ्यात बसले होते. एक म्हाताऱ्या खालाजान सरकत सरकत माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, सांत्वन करतायत. त्यांनी विचारलं, "तुम्ही खालच्या मजल्यावरच्या शुगरच्या डॉक्टर न्हवं?" मी मान हलवली. तशा त्यांनी पदर बाजूला केला आणि आ केला. "नसीम म्हणलती म्हैन्यानं परत बघतो. म्हैना झाला. आता तुम्ही बघा." त्यांचं बघून पलीकडची एक आली, मग आणखी एक. मयताच्या घरात माझ्यासमोर तीन बायका आ वासून बसलेल्या आणि माझ्या हातात काय, तर जपाची तस्बी. मला हसू फुटलं. मी तोंडावर पदर घेतला, पण तुझ्या धाकट्या बहिणीनं पाहिलं आणि तीही हसायला लागली, रडता रडता. मग सगळी खोलीच. तुझ्या घरात त्या दिवशी जेवढं हसू झालं तेवढं लग्नघरात होत नाही.

आपलं जमलं कसं याचंच लोकांना कोडं. खाली माझा मधुमेहाचा दवाखाना, वर तुझा दातांचा, शाहूपुरीतल्या एकाच जिन्यावर एकवीस वर्षं. त्याआधी पुण्याला हॉस्टेलची एक खोली. तिथल्या पोरी आपल्याला हसायच्या, कारण आपण दोघी "मी येतो, मी जातो" म्हणायचो. मी महिन्याभरात घाबरून "येते, जाते" करायला शिकले. तू शिकली नाहीस. परीक्षेत तोंडी घ्यायला बाहेरून आलेल्या सरांना तू "सांगतो की सर" म्हणालीस आणि वर पहिली आलीस. मला तेव्हापासून तुझा राग आहे, थोडा.

आणि मी भांडखोर, हे काही लपलेलं नाही. माझ्या दवाखान्यात शिरताना लोक चप्पल काढतात ती आदरानं नाही, पळायला सोपं पडावं म्हणून, असं तूच सगळ्यांना सांगायचीस. शुगर वाढली की मी ओरडते. कागद टेबलावर आपटते. "कशाला येता इथं? जावा, गुळाच्या गुऱ्हाळावर जावा" म्हणते. एकवीस वर्षं हेच केलं आणि लोकांची शुगर खाली आणली, याचा मला अभिमान होता. तू वर तुझ्या खुर्चीत लोकांशी गोड बोलायचीस. माझ्या मते तो निव्वळ वेळेचा अपव्यय होता.

मग एका दुपारी जिना उतरून आलीस आणि म्हणालीस, "सुलू, तुझे पेशंट मला दे."

मी म्हटलं, "कशाला? दात पाडायला?"

"तोंड बघायला. शुगरवाल्यांचं तोंड कोरडं पडतंय, जखम लवकर भरत न्हाय, त्यात वरनं तंबाखू. त्यांच्यात धोका जास्त हाय गं. कुणाला किती धोका हाय ते लिहून ठेवू या. आणि हे सगळे आधी तुझ्याकडं येत्यात, माझ्याकडं कुत्रं फिरकत न्हाय, दात दुखल्याबिगर."

मी तुला वाटेला लावलं. तोंड हा माझा विषय नाही, म्हटलं. मी पाय बघते, डोळ्यांच्या डॉक्टरकडं पाठवते, मूत्रपिंडाच्या तपासण्या करते, एवढं पुरे आहे. तू म्हणालीस, "म्हणजे माणसाचं सगळं बघतीस, फक्त तो गिळतो कुठनं ते बघत न्हाईस." आणि जाऊन बसलीस बाहेरच्या बाकावर, पेशंटांमध्ये. पुढच्या गुरुवारी, उपाशीपोटीच्या तपासणीला गर्दी असते त्या दिवशी, तू बॅटरी घेऊन हजर. माझी परवानगी तू कधी घेतलीस ते मला आजही आठवत नाही.

काय दिवस होते ते. तू कागद तयार केलास. शुगर किती वर्षं, तीन महिन्यांची सरासरी किती, तोंड कोरडं पडतं का, टोकदार दात गालाला लागतो का, दोन आठवडे उलटून न भरलेली जखम आहे का, तंबाखू खाता का. तोंडात उभी तीन बोटं जातात का हेही तू बघायचीस, त्यामुळे गुरुवारी माझ्या बाकावर ओळीनं दहा-बारा माणसं तोंडात बोटं घालून बसलेली असायची आणि रस्त्यावरनं जाणारे थांबून बघायचे. मधेच तू एक प्रश्न घुसडलास, तांबडा रस्सा झोंबतो काय. मी हसले. तू गंभीर होतीस. "कोल्हापूरच्या माणसाला तिखट झोंबाय लागलं, म्हंजी काहीतरी बिघडलंय की." त्या प्रश्नावर शिरोळहून आलेला एक उसाचा बागायतदार रडवेला झाला होता, आठवतो? सहा महिने घरात भांडत होता, बायको रश्शात जास्ती चटणी टाकते म्हणून. गुटख्यानं त्याचं तोंड दोन बोटांवर आलं होतं. "आपण काय बी खात न्हाय" असं तो गालात तोबरा धरूनच तुला सांगत होता. तू शांतपणे म्हणालीस, "पावणं, आधी थुकून या, मग बोलू." तो माणूस आज गुटखा सोडून आहे आणि दर बेंदराला, बैलांच्या सणाला, गुळाची ढेप पाठवतो. शुगरच्या डॉक्टरला गूळ.

आणि त्या टिकल्या. धोका कमी असेल तर कागदावर हिरवी, मधला असेल तर पिवळी, जास्त असेल तर तांबडी. महाद्वार रोडला जाऊन तू कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं आणायचीस, डझनानं. दुकानदार तुला विचारायचा, "भाभी, एवढ्या टिकल्या कुणाला?" तू म्हणायचीस, "शुगरवाल्यांस्नी."

माणसांचं तोंड उघडायची तुझी रीत मात्र मला कधी जमली नाही. तू आधी स्वतः आ करायचीस. पेशंटच्या पुढ्यात बसून, बॅटरी आपल्याच तोंडात मारून, "बघा माझं, दोन दाढा भरलेल्या, एक काढलेली, आता तुमचं दावा." समोरचा माणूस लाजत लाजत उघडायचा. मी म्हणायचे, डॉक्टरची काही प्रतिष्ठा असते. तू म्हणायचीस, प्रतिष्ठा गालात धरून बसलं तर तिथंबी चट्टा पडतो.

आता तो विषय. ज्यावर आपण सात वर्षं बोललो नाही, आणि ज्यासाठी खरं तर मी हे लिहायला बसले आहे.

पहिल्या तीन-चार महिन्यांतच तुझ्या लक्षात आलं होतं की बायकांच्या कागदांवर तंबाखूपुढं सगळीकडं "नाही" आहे. मला त्यात आनंद वाटला. तुला वाटला नाही. मग एका गुरुवारी माझ्या माहेरची, बावड्याचीच एक बाई आली, उपाशीपोटी रक्त द्यायला. मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "काही खाल्लं-प्यालं नाही ना?" ती म्हणाली, "पान्याचा थेंब न्हाय घेतला बाई, नुसती मिश्री लावली." तू पलीकडून मान वर केलीस. तिचा कागद ओढलास. तंबाखू, नाही. तू तिला विचारलंस, "मावशी, मिश्री कशाची असती?" ती तुझ्याकडं अशी बघायला लागली, की ही शिकलेली बाई आणि हिला एवढंही ठाऊक नाही. "तंबाखूच भाजायची की तव्यावर." "मग तंबाखू न्हाय म्हणून का सांगितलं?" "अगं, ती खाती कोण? दात घासती मी."

त्या दिवशी तू कागदावरचा प्रश्न खोडलास आणि नवा लिहिलास. सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं? बस. पुढच्या दोन गुरुवारात तुझी तांबड्या टिकल्यांची पाकिटं संपली.

प्रश्न बदललास त्याच आठवड्यात बेंदूर होता आणि तू आमच्या बावड्याच्या घरी पुरणपोळी खायला आली होतीस. माझी आई तुला वाढत होती. तिची शुगर तेव्हा अकरा वर्षांची, माझ्याच औषधांवर. तू जेवता जेवता तिच्याकडं बघत होतीस. मला वाटलं, माझ्या नजरेआड ती दुसरी पोळी घेते का ते बघतेस. पोळी संपल्यावर तू म्हणालीस, "मावशी, तुम्ही उजव्या बाजूनंच का चावताय?"

आई म्हणाली, "डावीकडं जरा झोंबतंय. शुगरचं हाय ते. सुलू म्हणली."

म्हटलं होतं मी. दोन महिन्यांपूर्वी, फोनवर, दुसऱ्या पेशंटचा कागद बघता बघता. शुगर खाली आली की भरेल, म्हटलं होतं.

तू हात धुतलास, दाराच्या चौकटीत उजेडाला बसलीस आणि आ केलास. आईनंही केला. मी स्वयंपाकघरातनं बाहेर आले तर तुमचं हे चाललेलं, आणि माझं टाळकंच सटकलं. "जेवायला आलीस की दुकान मांडायला?" असं मी तुला माझ्या आईसमोर बोलले. तू मला हाताला धरून खाली बसवलंस. तिच्या डाव्या गालात, हिरडीला लागून, पांढरा चट्टा मला दाखवलास. मग आईला विचारलंस, सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं. आणि माझी आई, जिच्या कागदावर मी स्वतःच्या अक्षरात, तिला न विचारता, "तंबाखू : नाही" असं लिहून वर हिरवी टिकली चिकटवली होती, ती म्हणाली, "मिश्री की गं पोरी. लगीन झाल्यापास्नं."

नसीम, मला ते माहीत होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं असं तू समजत राहिलीस आणि मी समजू दिलं. आईची मिश्री भाजायचा दिवस असायचा. मागच्या अंगणात तवा तापायचा, तंबाखूच्या धुरानं आम्ही भावंडं खोकत खोकत गल्लीत पळायचो. दुकानातनं तंबाखूची पुडी आणायला मीच जायचे. तिची पितळी डबी कुठल्या कोनाड्यात असते ते आजही डोळे मिटून सांगेन. एवढं सगळं ठाऊक असलेली, एम.डी. झालेली मी, आईच्या कागदावर "नाही" लिहिते. खोटं लिहायचं म्हणून नाही. मनातच आलं नाही गं. तंबाखू म्हणजे पानटपरीवरचे पुरुष. आई म्हणजे आई.

तुकडा काढून तपासायचं ठरलं तेव्हा घाबरून वाकडं बोलणारी मीच होते. हजार पेशंटांना मी धीर देते आणि त्या दिवशी तुला म्हटलं, "थांबू या, आधी शुगर खाली येऊ दे, मग बघू." माझा भाऊ तर म्हणालाच, तुकडा काढला की पसरतं. त्याला तू समजावलंस. मला मात्र बाहेर जिन्यात घेऊन गेलीस आणि म्हणालीस, "सुलू, ते शुगरच्या मागं लपतंय. आणि तू पडदा धरून उभी ऱ्हायलीस." आख्ख्या आयुष्यात मला कुणी इतक्या हळू आवाजात इतकं लागेल असं बोललं नव्हतं.

आपण वेळेत होतो. तू वेळेत होतीस. पेशी बिघडायला लागल्या होत्या, पण कॅन्सर झालेला नव्हता. चट्टा काढला, तू आत उभी होतीस, मी बाहेर नखं खात होते. आईनं पितळी डबी तुझ्या हातात दिली. दर तीन महिन्यांनी ती बावड्याहून रिक्षानं यायची, गुडघे धरत वरचा जिना चढायची, आणि माझ्या मजल्यावर थांबायचीसुद्धा नाही. "तू बस वरडत" म्हणायची आणि पुढं. वर तुमचं अर्धा अर्धा तास काय चालायचं ते मला कळत नसे, नुसता हसण्याचा आवाज खाली यायचा.

मी माफी मागितली नाही. नवे कागद छापून आणले, तुझा प्रश्न सगळ्यात वर ठेवला, जाड अक्षरात, आणि गठ्ठा तुझ्या टेबलावर नेऊन ठेवला. तू वरचा कागद वाचलास. म्हणालीस, "व्हय गं, सॉरी छापून आणलंस?" मी म्हटलं, "चहा सांग." विषय संपला.

शेवटच्या गुरुवारचं भांडण मात्र अर्धवट राहिलं. माझी एक पेशंट, नाव तुला माहीत आहे, मला म्हणाली होती मिश्री सोडली. वर जाऊन तुला म्हणाली सोडलेली नाही. मी चिडले, तिला परत बोलावते म्हटलं, हजामत करते तिची. तू दार लावलंस. "तू वरडतीस म्हणून ती तुला खोटं सांगती. शुगर मशीन सांगतं, तिथं माणूस लपवू शकत न्हाय. तोंडाचं तसं न्हाय, तिथं माणसानंच सांगाय लागतं. ज्याला बोलणी खायची भीती, तो तोंड कशाला उघडंल?"

मी म्हटलं, "माझ्या ओरडण्यानं माणसं जगलीत."

तू म्हणालीस, "जगलीत की. सांगत्यात कुठं?" मग घड्याळ बघितलंस. "चल, मी जातो. पावणे येणार हाईत. ऱ्हायलेलं पुढच्या गुरुवारी भांडू." सोमवारी पहाटे तुझं हृदय बंद पडलं. माझ्याकडं उत्तर तयार होतं, नसीम. चार दिवस घोकलं होतं. आता ते कुणाला ऐकवू?

आईला तुझं सांगितलं तेव्हा तिनं फोन ठेवून दिला. पुढच्या आठवड्यात तिची तीन महिन्यांची तपासणी होती. मी म्हटलं, दुसऱ्या दातांच्या डॉक्टरकडं नेते. "न्हाय." माझ्या ओळखीचे चांगले आहेत, म्हटलं. "असू देत. तीच न्हाय तर दावू कुणाला? मी न्हाय उघडत." भावानं सांगून बघितलं. बाई हलेना. तेव्हा या रविवारी मी नवे सेल घातले, बॅटरी घेतली, छापलेला एक कागद घेतला आणि बावड्याला गेले. रस्ताभर मनात शिव्या घालत होते, तिला आणि तुला पण.

आई चौकटीतच बसलेली, तुझ्या जागी. मी स्टूल ओढलं. "आ कर."

ती बघत राहिली. मी म्हटलं, "मिश्री लावलीस का गं मधे?"

"न्हाय."

फार पटकन म्हणाली. एकवीस वर्षं मी त्या पटकन म्हणण्यावर कागद आपटत आले आहे. आवाज चढायच्या बेतात होता तेवढ्यात तीच म्हणाली, "तिच्यावानी इचार की."

मला कसंतरीच वाटलं. मग मी आधी बॅटरी माझ्या तोंडात मारली आणि आ केला. एवढ्या वर्षांची डॉक्टरकी, आणि मी माझ्या आईपुढं चौकटीत आ वासून बसलेली, समोरनं दूध घालणारा जातोय आणि बघतोय. मग विचारलं. सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं?

आई पदराशी खेळली. म्हणाली, "मिश्री."

मी कागद मांडीवर ठेवला.

"ती गेली त्या दिशी सकाळी तुझा फोन आला न्हवं? म्या शेजारनीकडनं मागून आणली. काय सुचंना. तवापास्नं रोज लावतो." आणि मग, खाली बघून, "वरडू नगंस."

नसीम, माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. सात वर्षं. तुझे कष्ट. आई, ज्या बाईनं तुला वाचवलं तिच्या मरणादिवशीच तू ते परत तोंडात घातलंस. सगळं, ओळीनं, पाठ असल्यासारखं. हातातली बॅटरी चालूच होती आणि तिचा उजेड आईच्या पायांवर पडला होता. तिच्या टाचा फुटलेल्या होत्या. रोज पेशंटांचे पाय बघणारी मी, तेही मला दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस."

आईनं चमकून वर बघितलं. माझी काहीतरी तब्येत बिघडली असं तिला वाटलं असणार. मग तिचे डोळे भरले आणि मग माझे. तेरा दिवसांत आम्ही दोघी पहिल्यांदा एकमेकींसमोर रडलो, आणि तुझी तक्रार खरी आहे गं, रडताना तोंड नीट उघडत नाही. जरा वेळानं तिनं नाक पुसलं आणि उघडलं. मी बघितलं, तू दाखवलं होतंस तसं, गाल, हिरडी, जिभेच्या कडा, जिभेखाली. स्वच्छ, गुलाबी. जुन्या जागेवर एक रेघ फक्त, तुझ्या आठवणीची. तरी महिनाभरात मिरजेहून तुझ्या ओळखीच्या दातांच्या डॉक्टरबाई येतात त्यांना दाखवायचं असं ठरलं, ती "बरं" म्हणाली. कनवटीची पुडी काढून तिनं आपणहून माझ्या हातात दिली. मी कागदावर, तिच्यासमोर, तिला विचारून लिहिलं : मिश्री, रोज, तेरा दिवसांपासून. टिकल्यांचं पाकीट काढलं तर ती म्हणाली, "तांबडी लाव. खरं ते खरं."

मग तिनं माझ्या हातातली बॅटरी घेतली. "उघड."

"आता कशाला?"

"मघाशी नीट दिसलं न्हाय. उघड म्हणतो न्हवं?"

मी उघडलं. तिनं बराच वेळ बघितलं, डॉक्टरच्या थाटात, मान तिरकी करून, अगदी तुझ्यासारखी. "मागची दाढ किडल्या तुझी," म्हणाली. "उद्याच्या उद्या नसीमला दाव."

आणि थांबली. आम्ही दोघीही थांबलो, मी तशीच आ केलेली.

दाढ खरंच किडली आहे, नसीम. तू सहा महिने सांगत होतीस, वर ये, वर ये, आणि मी म्हणत होते वेळ नाही. उत्तर जे घोकलं होतं ते राहू दे. ते भांडण तू जिंकलीस.